माशाचा थायमस आणि टी-पेशी : दोष जमिनीत की बियाण्यात?

भारतात बाळ जन्मले की पहिल्या एक-दोन दिवसांत त्याला बीसीजीची लस टोचतात आणि तोंडात पोलिओचे थेंब घालतात. या दोन्ही लशींत जिवंत जंतू असतात, फक्त त्यांची धार बोथट केलेली असते. बहुतेक बाळांना त्यांचा त्रास होत नाही, कारण शरीरातल्या टी-पेशी या जंतूंचा बंदोबस्त करतात. पण काही थोडी बाळे टी-पेशींशिवायच जन्माला येतात. त्यांच्या शरीरात बीसीजीचा तोच बोथट जंतू दंडावरच्या फोडापुरता न राहता यकृतात, हाडांत, फुफ्फुसांत पसरू शकतो. या आजाराला तीव्र संयुक्त प्रतिकार-न्यूनता म्हणतात. डॉक्टर बोलताना नुसते ‘स्किड’ म्हणतात. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा मुलांचे जनुकीय निदान केले जाते.

टी-पेशी नाहीत, एवढे कळणे आता फार अवघड राहिलेले नाही. टी-पेशी घडताना डीएनएचा एक तुकडा कापला जाऊन त्याचे गोल कडे बनते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ही कडी मोजता येतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ साली सर्व नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली. आपल्याकडे ती देशभर सर्वांसाठी अजून होत नाही. मात्र या तपासणीची एक मर्यादा समजून घ्यायला हवी. कडी नाहीत म्हणजे टी-पेशी बनत नाहीत, एवढेच ती सांगते. का बनत नाहीत, ते सांगत नाही. आणि उपचार त्या ‘का’वरच ठरतो.

पेरलेले उगवले नाही की शेतकरी दोन प्रश्न विचारतो : बियाणे बोगस होते, की जमिनीला वाफसा नव्हता? टी-पेशींच्या बाबतीत जमीन म्हणजे थायमस हा अवयव आणि बियाणे म्हणजे त्यात येऊन वाढणाऱ्या रक्ताच्या मूलपेशी. या दोघांवर नियंत्रण ठेवणारी जनुके वेगवेगळी आहेत. ती कोणती आणि ती ओळखायची कशी, हे समजण्यात तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या एका माशाचा मोठा वाटा आहे. या टिपणात तीच गोष्ट पाहू.

आधी थायमसविषयी थोडे. मराठी परिभाषेत त्याला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. नाव जड आहे, पण माहितीचे आहे : वयात आल्यावर ही ग्रंथी हळूहळू आक्रसत जाते. ‘टी-पेशी’ या नावातला ‘टी’ हे थायमसचेच आद्याक्षर. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढून टाकला आणि दाखवले, की असे उंदीर परकी त्वचा नाकारू शकत नाहीत आणि संसर्गाने लवकर मरतात. तोवर हा अवयव निरुपयोगी अवशेष आहे, असे मानणारे बरेच होते.

आता तो मासा. झेब्राफिश, शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. परदेशी प्रयोगशाळांत तो इतका रुळला आहे, की तो आपला मासा आहे हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत, भातखाचरांच्या कडेच्या उथळ पाण्यात तो राहतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरच्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला जनुकशास्त्रात आणले. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९८१चा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जीनोमवरून दिसले, की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात निदान एक तरी जोडीदार जनुक आहे. दिल्लीत सीएसआयआरच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने, म्हणजे आयजीआयबीने, २००९ साली रानटी झेब्राफिशच्या जीनोमचे वाचन केल्याचे जाहीर केले. त्या रानटी माशांत एकेका अक्षराचे पन्नास लाखांहून अधिक फरक सापडले. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला मासा आणि ओढ्यातला मासा एकच नव्हेत, ही आठवण प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्याने सतत ठेवावी.

या माशाचा उपयोग काय, तर त्याचे भ्रूण पारदर्शक असते आणि आईच्या पोटाबाहेर वाढते. उंदराचा थायमस घडताना पाहायचा तर गर्भ काढून कापावा लागतो. झेब्राफिशचे पिल्लू काचेखाली आडवे ठेवले की कानाच्या मागे, कल्ल्यांच्या वरच्या अंगाला थायमस दिसतो, दोन्ही बाजूंना एकेक. अंडे फलित झाल्यापासून साधारण ६० तासांनी अवयवाचा अंकुर दिसू लागतो. ६५व्या तासाच्या सुमारास पहिल्या पेशी त्यात शिरतात. चौथ्या दिवशी त्या पेशींत रॅग१ हे जनुक चालू झालेले असते. सोमवारी सकाळी पडलेल्या अंड्याचा थायमस शुक्रवारी कामाला लागलेला!

बियाणे कुठून येते, ते पाहा. भ्रूणाच्या मुख्य महाधमनीच्या तळच्या भिंतीतील काही पेशी दुसऱ्या दिवशी भिंत सोडतात आणि रक्ताच्या मूलपेशी बनतात. २०१० साली ही घटना जिवंत माशात चित्रित झाली. रनएक्स१ आणि सीएमवायबी ही जनुके या टप्प्याची खूण समजली जातात. या मूलपेशी आधी शेपटीकडच्या एका ऊतीत थांबतात, वाढतात. तिथून काही थायमसकडे जातात, काही मूत्रपिंडाकडे. मूत्रपिंड वाचून दचकू नका. माशाच्या हाडांत रक्त बनवणारी मज्जा नसते. आपल्या अस्थिमज्जेचे काम माशात मूत्रपिंड करते.

जमिनीची बाजू अशी. भ्रूणाच्या घशाच्या दोन्ही बाजूंना कप्पे तयार होतात. झेब्राफिशमध्ये तिसऱ्या कप्प्याच्या अस्तरापासून थायमस बनतो. कप्पेच नीट बनले नाहीत तर थायमस कुठून येणार? ‘व्हॅन गॉग’ नावाच्या उत्परिवर्ती झेब्राफिशमध्ये नेमके हेच बिघडलेले असते : कान, कल्ल्यांच्या कमानी आणि थायमस, तिन्हींत दोष. नाव चित्रकाराच्या कापलेल्या कानावरून दिलेले आहे. मासेवाल्या जनुकशास्त्रज्ञांना नावे ठेवण्याची हौस भारी. २००३ साली कळले, की यात टीबीएक्स१ हे जनुक बिघडलेले आहे. माणसात २२व्या गुणसूत्राचा ज्या जागेचा तुकडा गळाल्याने डायजॉर्ज विकार होतो, त्याच तुकड्यात हे जनुक बसते. त्या विकारातही थायमस लहान असतो किंवा नसतोच.

कप्पा बनला, तरी त्याचा थायमस व्हावा यासाठी अस्तराच्या पेशींत फॉक्सएन१ हे जनुक चालू व्हावे लागते. याची कथा उंदरातून सुरू होते. केस नसलेल्या ‘न्यूड’ उंदरांचे वर्णन १९६६ साली झाले. १९६८ मध्ये कळले, की त्यांना थायमस नाही. १९९४ मध्ये जनुक सापडले. ते थॉमस बोहम यांच्या गटाने शोधले. फॉक्सएन१चे प्रथिन स्वतः काही बांधत नाही. ते इतर जनुके चालू करते. वीजजोडणीच्या भाषेत तो मुख्य स्विच म्हणा, पण या उपमेला फार ताणू नका. या स्विचच्या पलीकडे कोणते दिवे आहेत, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर शोधताना बोहम यांच्या जर्मनीतील फ्रायबर्ग येथील गटाने झेब्राफिश, जपानी मेडाका मासा, शार्क, लॅम्प्री अशी रांगच तपासली. २००९ साली त्यांनी चार घटक पुढे मांडले. सीसीएल२५ आणि सीएक्ससीएल१२ हे दोन रासायनिक हाकारे : ते पेशींना थायमसकडे ओढतात. तिसरा, मूलपेशींना जगवणारा आणि वाढवणारा घटक. चौथा डीएलएल४ : हा पेशीच्या नॉच या ग्राहीला स्पर्श करून तिला टी-पेशी हो, बी-पेशी होऊ नकोस, असे बजावतो. २०१२ मध्ये याच गटाने फॉक्सएन१ नसलेल्या उंदरांच्या थायमसच्या अंकुरात हे घटक सुटे आणि जोडीने घालून पाहिले. केवळ हाकारे घातल्याने टी-पेशी होत नाहीत. पण सीएक्ससीएल१२ आणि डीएलएल४ एकत्र दिले, तर पेशी अर्ध्या पक्वतेपर्यंत, म्हणजे सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही चिन्हे अंगावर येण्याच्या टप्प्यापर्यंत पोचतात. मुख्य स्विच नसताना दोन तारा थेट जोडून यंत्राचा निम्मा भाग चालवून दाखवला, असा हा प्रयोग आहे. मला स्वतःला या सगळ्या विषयात हा सर्वांत देखणा वाटतो.

हाकाऱ्यांची हाक ऐकायला पेशीच्या अंगावर कान हवेत. झेब्राफिशमध्ये हे काम सीसीआर९ आणि सीसीआर७ हे ग्राही मिळून करतात. दोन्ही नसतील तर बियाणे चांगले असूनही शेतापर्यंत पोचत नाही. इथे एक बाब आवर्जून सांगतो. जनुकांच्या नावापुढे ए, बी अशी अक्षरे वाचून मुले गोंधळतात. फार पूर्वी अस्थिमत्स्यांच्या पूर्वजात सबंध जीनोम दुप्पट झाला होता. त्यातून उरलेल्या जोड्यांना ए आणि बी म्हणतात. माणसाच्या एका जनुकाचे काम माशात दोन जनुकांत वाटलेले असू शकते, म्हणून एक जनुक बिघडवून काहीच दिसले नाही, तर लगेच निष्कर्ष काढू नये.

थायमसमध्ये पोचल्यावर पुढची जनुके बियाण्याची. आयएल७आर आणि त्याचा संदेश आत नेणारी जॅक१, जॅक३ ही जनुके पेशींची संख्या वाढवतात. झेब्राफिशमध्ये ती बिघडली की टी-पेशी फार कमी होतात, हे २०११ मध्ये दाखवले गेले. माणसात आयएल७आर किंवा जॅक३ बिघडले तर स्किड होतो. त्यानंतर रॅग१ आणि रॅग२ : ही दोन्ही मिळून ग्राहीच्या जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडतात आणि प्रत्येक टी-पेशीला वेगळा ग्राही मिळतो. सुरुवातीला सांगितलेली गोल कडी याच कापाकापीतून येतात. २००२ साली रॅग१ बिघडलेला झेब्राफिश मिळाला. गंमत अशी, की तो साध्या टाकीत मोठा होतो आणि त्याला पिल्लेही होतात. जन्मजात, स्मृती नसलेली प्रतिकारशक्ती त्याला तारून नेते. रॅग१ नसलेले बाळ मात्र उपचाराविना फार दिवस जगत नाही. मासा माणसाची नक्कल नाही, हे इथे स्पष्ट दिसते. तरीही जनुकाचे काम दोघांत एकच आहे.

ही जनुके सापडतात कशी? नर माशांना पाण्यातून ईएनयू नावाचे रसायन देतात. त्याने शुक्राणूंच्या डीएनएत जागोजागी एकेक अक्षर बदलते. या नरांची निरोगी माद्यांशी जोडी लावली, की पहिल्या पिढीचे प्रत्येक पिल्लू वेगवेगळ्या बदलांचे वाहक होते. त्यातल्या एकापासून दुसऱ्या पिढीचे कुटुंब वाढवतात. त्यात निम्मी भावंडे वाहक. भावंडांच्याच जोड्या लावल्या, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता ½ × ½ = ¼, आणि अशा जोडीच्या पिल्लांपैकी पुन्हा ¼ दोन्ही बाजूंनी बिघडलेली. आपल्याकडे आते-मामे भावंडांच्या लग्नात सुप्त आजार का डोकावतात, त्यामागचे गणित याच जातीचे आहे. एका कुटुंबातून सहा जोड्या लावल्या तर बदल निसटून जाण्याची शक्यता (¾)⁶, म्हणजे सुमारे १८ टक्के. दहा जोड्या लावल्या तर सुमारे ६ टक्के. टाक्या, माणसे आणि पैसा किती लागेल, हे अशा हिशेबावर ठरते.

पाचव्या दिवशी पिल्लांना रॅग१च्या संदेशाला चिकटणारा रंग देतात. निरोगी पिल्लाच्या दोन्ही कानांमागे जांभळा ठिपका उमटतो. ठिपका नसेल तर त्या कुटुंबात काहीतरी सापडले.

काय सापडले, हे मात्र ठिपका सांगत नाही. म्हणजे आपण पुन्हा टाचेच्या रक्तथेंबापाशी आलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत दिवा लागला नाही की आम्ही मुलांना आधी पुरवठा, मग तार, मग भाग असे क्रमाने तपासायला लावतो. इथेही तेच. महाधमनीत रनएक्स१ आणि सीएमवायबीचा रंग येतो का? नसेल तर बियाणेच तयार झालेले नाही. घशाच्या कप्प्यात फॉक्सएन१चा रंग येतो का? नसेल तर जमीन नाही. दोन्ही असतील, तर पेशी वाटेत अडल्या की पोचून मेल्या, हे चमकत्या रंगाच्या पेशी जिवंत पिल्लात पाहून ठरवता येते.

शेवटची कसोटी अदलाबदलीची. निरोगी, चमकता रंग दिलेल्या भ्रूणातल्या पेशी उत्परिवर्ती भ्रूणात घालतात. त्या थायमसमध्ये जाऊन टी-पेशी झाल्या, तर जमीन ठीक आणि दोष बियाण्यात. नाहीच झाल्या, तर दोष जमिनीत असण्याचा संशय बळावतो. मग उलट प्रयोग करून खात्री करतात, उत्परिवर्ती पेशी निरोगी भ्रूणात वाढतात का ते पाहून. उंदरात हाच प्रश्न कलम लावून सोडवत. माशात तो आठवड्याभरात आणि शेकडो पिल्लांवर सुटतो.

तपासणी कधी केली, यालाही महत्त्व आहे. आयकारोस हे जनुक बिघडलेल्या झेब्राफिशच्या पिल्लांत टी-पेशी नसतात. पाचव्या दिवशी पाहणारा म्हणेल, या जनुकाशिवाय टी-पेशी नाहीत. पण तेच मासे मोठे झाल्यावर त्यांत टी-पेशी सापडतात, असे २००६ साली दिसले. पिल्लाची आणि प्रौढाची टी-पेशींची लाट वेगळी आहे. दुसरीकडे, रॅग१च्या रंगाने शोध घेणाऱ्या पद्धतीतून खुद्द रॅग१चाच दोष सुटू शकतो, कारण प्रथिन निकामी झाले तरी संदेश बनत राहू शकतो आणि ठिपका उमटू शकतो. २००२चा मासा म्हणूनच रंगाने नव्हे, जनुक थेट वाचून शोधलेला होता.

आता रुग्णाकडे येऊ. दोष बियाण्यात असेल, म्हणजे रॅग, जॅक३, आयएल७आर अशांत, तर निरोगी दात्याची अस्थिमज्जा द्यायची. नव्या मूलपेशी बाळाच्याच थायमसमध्ये जाऊन टी-पेशी होतात. दोष जमिनीत असेल, म्हणजे फॉक्सएन१ बिघडले असेल किंवा डायजॉर्ज विकारात थायमस मुळीच नसेल, तर मज्जेतल्या मूलपेशी जाणार कुठे? दात्याच्या तयार टी-पेशी थोड्या मिळतील, नवे पीक येणार नाही. अशा बाळांना थायमसची ऊती द्यावी लागते. फॉक्सएन१च्या दोषावर हा उपचार केल्याचा पहिला वृत्तांत २०११ साली, दोन रुग्णांविषयी, प्रसिद्ध झाला. ऊती मिळते कुठून, तर बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेतून : हृदयापर्यंत पोचण्यासाठी शल्यचिकित्सकाला थायमसचा भाग काढावाच लागतो. ती ऊती काही दिवस प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाच्या मांडीच्या स्नायूत बसवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जन्मतः थायमस नसलेल्या मुलांसाठी या उपचाराला ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता दिली. मांडीत थायमस चालतो, हे ऐकून आश्चर्य वाटते. पण हाकारे योग्य असले तर पेशी पत्ता शोधून काढतात.

मत्स्यशेतीतही हा विषय कामाचा आहे. झेब्राफिशमध्ये थायमस चौथ्या दिवशी कामाला लागतो, पण लशीला नीट प्रतिसाद देण्याइतकी प्रतिकारशक्ती पक्व व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. रोहू-कटल्याच्या बीजाला लस द्यायची म्हटली तरी हाच प्रश्न येतो : त्या वयात टी-पेशी आहेत का? दिल्लीजवळ रोहतकच्या लाहली गावी, मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचे केंद्र खाऱ्या भूजलातील शेतीवर काम करते. तिथल्या तळ्यांत कोळंबीही वाढवतात. कोळंबीला थायमस नाही, टी-पेशी नाहीत, रॅगच्या कापाकापीतून बनणारे ग्राही नाहीत. त्यामुळे माशाला देता येते तशी स्मृती जागवणारी लस तिला देता येत नाही. रोग तळ्यात शिरू न देणे हाच तिथे मुख्य उपाय.

पुढील प्रश्न वहीत सोडवून पाहा. एका झेब्राफिश कुटुंबातील २५ टक्के पिल्लांत पाचव्या दिवशी रॅग१चा ठिपका नाही. त्यांच्या महाधमनीत सीएमवायबीचा रंग नेहमीसारखा आहे, घशाच्या कप्प्यात फॉक्सएन१ही आहे. निरोगी भ्रूणाच्या चमकत्या पेशी घातल्यावर थायमसमध्ये चमकत्या टी-पेशी दिसू लागतात. दोष कोणत्या बाजूचा? सीसीआर९-सीसीआर७ आणि आयएल७आर यांपैकी कोणाचा, हे ठरवण्यासाठी आणखी कोणता एकच प्रयोग कराल? आणि असाच दोष बाळात आढळला, तर त्याला मज्जा द्याल की थायमस?